सोळावं टोक

धाकटीने आठ वायरी मोजून तीस-तीस मीटरच्या कापल्या, जमिनीवर शेजारी शेजारी सरळ ताणून घातल्या आणि पहिली गाठ मारली. मेणाचा दोरा, दर वितीला एक गाठ, गाठीचं तोंड नेहमी एकाच बाजूला. मैफलीचं रेकॉर्डिंग करायचं तर स्टेजवरच्या आठ मायक्रोफोनांचा आवाज आतल्या खोलीपर्यंत न्यावा लागतो, आणि आठ सुट्या वायरींचा गुंता कुणालाच नको असतो. म्हणून आठांची मिळून एक जाड केबल बांधायची, दोन्हीकडे आठ-आठ टोकं मोकळी ठेवायची आणि प्रत्येक टोकाला कनेक्टर जोडायचा. एकूण सोळा टोकं.

हे काम ती एकोणीस वर्षं करत होती, आणि एकोणीस वर्षं लोक तिला 'उस्तादांची बहीण' म्हणत होते.

उस्ताद म्हणजे तिचा थोरला भाऊ. सगळ्या हॉलांमध्ये त्याचा बोलबाला. केबल असावी तर उस्तादांची, कधी खरखर म्हणून नाही! आणि उस्तादांचं काम काय, तर धाकटीने बांधलेली केबल वेटोळं करून खांद्यावर टाकायची, हॉलवर न्यायची आणि शाबासकी घेऊन यायची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा असं म्हणतात. ह्याच्या हाती कथीलसुद्धा नव्हतं. कथील वितळवत बसायची ती धाकटी. एकदा हौस म्हणून त्याने एक कनेक्टर जोडून पाहिला होता. कव्हर आधी वायरीत ओवायचं आणि मग तारा कथलाने सोल्डर करायच्या, एवढंही त्याच्या लक्षात राहिलं नाही. वर गरम सोल्डरवर फुंकर मारली. चहा होता का तो? फुंकर मारली की सांधा फुसका होतो. "हे तुझंच काम बाई," म्हणून तो उठला, तो पुन्हा त्या टेबलाशी बसला नाही.

गेल्या वर्षी तो वारला. शोकसभेत त्याच्या हातातल्या जादूवर तिघेजण बोलले. धाकटी तिसऱ्या रांगेत बसून बोटांवरचे जुने चटके चोळत होती. भाऊ गेल्याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त तिला राग आला होता, आणि तो अजून उतरला नव्हता.

म्हणून ह्या वेळी नवी केबल मागायला रेकॉर्डिस्ट आला तेव्हा ती स्पष्टच बोलली. "आजवरच्या सगळ्या केबली मी केल्यात. दादा फक्त पोचवायचा."

रेकॉर्डिस्ट माणूस भला होता, पण हसला. "राग मानू नका ताई. असं करा, पंधरा टोकं जोडून ठेवा. सोळावं माझ्यासमोर जोडा. मग केबलवर तुमच्या नावाची पट्टी लावू, आणि सगळ्या हॉलवाल्यांना मी स्वतः सांगेन."

हातच्या काकणाला आरसा कशाला? पण ठीक आहे, आरसा तर आरसा. ती तयार झाली.

कामाची खोली भावाच्याच घरात, तळमजल्यावर. एक खिडकी, एक टेबल, एक खुर्ची. वर वहिनी एकट्या राहत. धाकटी सकाळी येई, दुपारी वर जाऊन वहिनींबरोबर जेवे आणि परत खाली बसे. पहिल्या दोन दिवसांत तिने चार टोकं जोडली. तिसऱ्या दिवशी जेवून खाली आली, तर पाचवं टोक जोडलेलं होतं.

जोडलेलं म्हणजे काय, चिखल केलेला. सोल्डरचा ढेकूळ, जळलेलं रबर, आणि कव्हर बाजूला टेबलावर तसंच.

"वहिनी! माझ्या कामाला हात कुणी लावला?"

"मी तुमच्यासमोर जेवत होते ना, वन्सं," वहिनी जिन्यावरून म्हणाल्या. "आणि मला ह्यातलं कळतं काय?"

धाकटीने दातओठ खात ते टोक कापलं. तेव्हापासून ती खोलीला कुलूप घालून किल्ली मुठीत धरून जेवायला बसू लागली.

चौथ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं होतं. आत सोल्डरमधल्या राळेचा ताजा वास होता. कथील वितळवायच्या सोल्डरिंग आयर्नची विजेची पिन तिने स्वतः काढून ठेवली होती. पिन तशीच निघालेली होती, पण आयर्न गरम होतं. पाचवं टोक पुन्हा जोडलेलं होतं. ह्या वेळी कव्हर आधी ओवलेलं होतं. सांधा मात्र करडा, सुरकुतलेला. गरम सोल्डरवर फुंकर मारली की पडतो तसाच.

असा सांधा तिने आयुष्यात एकाच माणसाच्या हातचा पाहिला होता.

भीती वाटायला हवी होती. तिला संताप आला. तिने तेही टोक कापलं आणि आपल्या हाताने जोडायला बसली. तिथे तिचं पहिल्यांदा चुकलं. वायर सोलताना आतल्या बारीक तारा कापल्या गेल्या. अशी चूक तिच्याकडून कित्येक वर्षांत झाली नव्हती. दुसऱ्यांदा सोलली, पुन्हा तेच. वय झालं, तिने स्वतःला सांगितलं, आणि दिव्याखाली जरा जवळ सरकली.

पाचव्या दिवशीच्या सांध्याला थोडी चमक होती. सहाव्या दिवशी दोन टोकं झाली, आणि त्यात नावं ठेवायला फारसं काही नव्हतं, म्हणून ह्या वेळी तिने ती कापली नाहीत. त्याच संध्याकाळी धाकटी लाल आणि पांढरी तार हातात धरून बसली. कुठली कनेक्टरच्या कुठल्या पिनेला? डोळे मिटून करायची ती हे. शेवटी तिने आपलंच जुनं टोक उघडलं आणि त्यात बघून जोडलं. जोडून झाल्यावर पाहिलं, तर कव्हर टेबलावरच राहिलं होतं.

आपलं ते टोक तिने कापून टाकलं.

सातव्या दिवशी ती जेवायला गेलीच नाही. टेबलासमोर हाताची घडी घालून बसली. एक वाजला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, तिने मान वळवली, परत पाहिलं.

आणखी तीन टोकं झाली होती. तिने बोट लावलं. गरम होती.

सांधे आरशासारखे होते. फुंकर मारायची नसते, हे आता त्याला कळलं होतं.

"दादा," ती रिकाम्या जागेला म्हणाली. "जिवंतपणी नाव नेलंस. मी बोलले नाही. आता हातसुद्धा न्यायचा आहे का तुला? लाज नाही वाटत?"

 

दहाव्या दिवशी पंधरा टोकं पूर्ण होती. पहिली चार सोडली, तर त्यात तिचं एकही नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारी रेकॉर्डिस्ट आला. वहिनीही खाली येऊन दाराशी उभ्या राहिल्या. त्याने मीटर लावून एकेक टोक तपासलं, गाठींवरून बोट फिरवलं, काही कव्हरं उघडली. मग बाराव्या टोकाशी थांबला.

"वा! ह्याला म्हणतात हात. खरं सांगू? उस्तादांच्या केबलींतसुद्धा असा सांधा मी पाहिला नाही." मग तो पुन्हा सुरुवातीकडे वळला. "ही पहिली चार जरा घाईत केलीत का?"

तीच चार तर तिची होती! ती तोंड उघडणार, तोच तिला कळलं की पुढचं वाक्य बोलता येणार नाही. बाकीची अकरा कुणाची, असं तो विचारेल. खरं सांगितलं, तर नाव पुन्हा दादाचंच होईल.

"हो," ती म्हणाली. "घाई झाली. सगळी माझीच आहेत."

हे बोलताना तिला स्वतःचाच संताप आला.

"माझं चुकलं होतं, ताई," रेकॉर्डिस्ट मनापासून म्हणाला. खिशातून त्याने छापलेली पट्टी काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर धाकटीचं नाव होतं, पूर्ण, मोठ्या अक्षरांत. "आता हे सोळावं करा, म्हणजे झालं."

ती खुर्चीवर बसली. दिवा लावला. टेबलावर सगळं नीट मांडलेलं होतं: पकड, कात्री, सोल्डरचं रीळ, कनेक्टर. एकेक वस्तू ओळखीची वाटत होती. कोणती कशासाठी, ते आठवत नव्हतं.

आयर्न तापलं होतं.

रेकॉर्डिस्ट वाकून बघत होता. वहिनी बघत होत्या.

धाकटीने हात पुढे केला आणि आयर्न उचललं.

"वन्सं!" वहिनी किंचाळल्या. "अहो, सोडा ते! सोडा!"

खोलीत जळकट वास पसरला. आयर्न तिने पुढून, तापलेल्या टोकाकडून धरलं होतं. तिचा चेहरा शांत होता. ती ते तसंच घट्ट धरून, पुढे काय करायचं ते कुणीतरी सांगेल म्हणून, वाट बघत बसली होती.