पुसलेली जेली

विक्की, मोबाइल ठेव बे खाली. मोनाली, तू बी सरक इकडे. लाइट येईपर्यंत सांगतो. कुठून ऐकलेली नाही, आपल्या खुर्सीपारच्या तेजरामची गोष्ट हाये. त्याच्या घराची न् माझी भिंत एकच.

तेजराम कोहक्याच्या एका नर्सिंग होममध्ये वॉर्डबॉय. त्याची बहीण चंपा बोरसीले दिलेली. मागच्या दिवाळीत तिले पोरगा झाला. दूध पिता पिता पोट्ट्याले घाम सुटे, ओठ निळे पडत. तिचा डॉक्टर म्हणाला, हृदय नीट चालून राहिलं का ते पाहा लागते, इको करून आना. मशीन तेजरामच्याच नर्सिंग होममध्ये होती. चंपानं लेकरू भावाच्या हाती दिलं. मामापेक्षा जवळचं कोन?

पण त्याच सकाळी इकोच्या डॉक्टरनं तेजरामले चारचौघांत झापलं होतं. आता त्याच्यापुढं हात जोडायचे? या बह्याडाचं नाक मोठं! चंपाले खाली थांबवलं, लेकरू घेऊन नुसताच जिन्यावर बसला, न् थोड्या वेळानं खाली आला.

"झाला इको. एकदम नॉर्मल. डॉक्टरकडे जायचं बी काम नाही."

चंपानं अंगडं वर सारलं. मोठ्या पोरीच्या वेळी तिनं पाहिलं होतं, छातीवर जेली लावतेत, मंग मशीन फिरवतेत.

"छाती तं कोरडी हाये, दादा."

"पुसली ना वं!"

भाऊच तो. तिनं मानलं. इको झाला असता तं औषध सुरू झालं असतं. त्याच आठवड्यात लेकरू गेलं. चंपा नशिबाले रडली, ते बी याच भावाच्या खांद्यावर.

डिसेंबरचा शेवटचा शनिवार. मध्यरात्र उलटलेली. सिस्टरनं तेजरामले जेलीची नवी बाटली इकोच्या खोलीत ठेवाले पाठवलं. त्यानं कुलूप उघडलं. मशीनचा प्लग काढलेला. तरी पडदा उजळ.

पडद्यावर इवलंसं हृदय. थकून थकून चालून राहिलं...

पलंग रिकामा. चादर मधोमध दबलेली. लेकराएवढी.

"कोन हाये?"

...

हृदय थांबलं. पडदा काळा. न् तेजरामच्या छातीवर काहीतरी टेकलं. गार. ओलं. हळूहळू फिरलं...

काय, विक्की? फिर क्या? फिर पळाला.

सकाळी नळावर मीच पाहिलं. बनियनवर, डाव्या बाजूले, रुपयाएवढा ओला डाग. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसे, पुन्हा येई. भावाले ताप आला म्हणून चंपा धावत आली. तिनं डागावर बोट ठेवलं. बोटं चोळली. चिकट.

"जेली हाये, दादा."

तेजरामनं दुपट्टा डागावर दाबला.

"तू तं पुसली होती ना?"

तिनं पुढं काही विचारलं नाही. चप्पल घातली न् गेली. यंदा राखी आली नाही. मले विचाराल तं बरंच केलं. परक्यानं दगा दिला तं माणूस शिव्या घालते, भावानं दिला तं कोणाले सांगते?

ते पाहा, दोरीवर त्याचं तेच बनियन. दिवसभर ऑक्टोबरच्या उन्हात होतं. सारं कडक वाळलं, तेवढी एक जागा सोडून.

जा बे विक्की. हात लावून पाहा.