वटवाघळांचा पांढरा खडा

"मी इथेच ठेवला होता," आत्या चौथ्यांदा म्हणाली आणि तिने रिकामा ट्रे पुन्हा उपडा केला.

सुट्टीत आत्याच्या संग्रहालयात लुडबुडायला आलेल्या चिमणी, ढब्बू आणि प्रोफेसर या तिन्ही भाचरांचे चेहरे उतरले. तो खडा साधासुधा नव्हता. गुहेत वर्षानुवर्षं वटवाघळांची विष्ठा साचते, तिच्यातून झिरपलेलं पाणी चिकणमातीत मुरतं आणि क्वचित कुठे हे मऊ, पांढरं खनिज तयार होतं. चार वाजता गुहेचा निर्णय घेणारी समिती येणार होती. खडा दाखवला तर गुहेला कुणी हात लावणार नव्हतं. नाहीतर उद्यापासून पर्यटकांसाठी दिवे बसवायला ती खरवडणार, आणि वटवाघळं बेघर.

"आत्या, आम्ही आहोत ना," चिमणी म्हणाली.

"तीच तर काळजी आहे," आत्या नाक पुसत म्हणाली, पण हसली.

"वटवाघळांच्या शीचा खडा कोण चोरेल?" ढब्बूने विचारलं.

"ज्याला तो शीचा आहे हे ठाऊक नाही, तो," प्रोफेसर चष्मा सावरत म्हणाला.

चिमणीचं लक्ष मात्र शेजारच्या खोलीत गेलं होतं. सुतारकाका आत्याने सांगितलेल्या पेटीसाठी फळ्या कापत होते. फळीवर पांढऱ्या रेघा होत्या. तिने हळूच फुंकर मारली. खडूसारखी भुकटी उडाली नाही. बोट फिरवलं तर साबणासारखं गुळगुळीत लागलं!

काका मनाने लोणी, पण नाकावर राग. सरळ विचारलं तर आळ घेतला म्हणून करवत टाकून घरी जातील. चिमणीने एक चौकोनी फळी पुढे केली. "काका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारून द्याल? आमची वाकडी येते."

"शाळेत शिकवतात तरी काय," म्हणत काकांनी खिशातून खडा काढला.

"कुठून आणलात हो हा खडू?"

"तुमच्या आत्याच्या पसाऱ्यातून. काय मऊ चालतो!"

"आणि ही पेटी कशासाठी करताय?"

"आहे म्हणे कुठलासा दुर्मीळ..."

काकांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी खडा रुमालात घेतला आणि दोन्ही हातांनी आत्यापुढे धरला. "ताई, एक कोपरा झिजलाय. चुकलं माझं."

"उरलेला पुष्कळ आहे," आत्या म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली.

समितीने भिंगातून खडा पाहिला आणि गुहा वाचली. अध्यक्षबाईंनी तिघांची पाठ थोपटली. आत्याने पेटीवर चिठ्ठी लावली: 'सापडला: गुहेत. पुन्हा सापडला: सुतारकाकांच्या खिशात. शोधक: माझी भाचरं.'

काकांनी साऱ्या रेघा रंध्याने काढल्या, पण पेटीच्या आतली एक मुद्दाम राखली.

"ती राहू दे," ते म्हणाले. "तीही त्या खड्याचाच भाग आहे."