आक्काचे चाळीस फोटो

पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, पण रुसून बसला की तान्ह्या पोराला लाजवेल. विश्वजितनं गुरुवारपासून बायकोच्या हातचा चहा घेतला नव्हता. वर येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे एकच पालुपद: "अनुजानं पुसापुशी करताना कॅमेरा उघडला. उजेड शिरला, आक्कामावशीचे सगळे फोटो गेले."

मंगळवार पेठेत कुणाची चीजवस्तू गेली की आधी विश्वजितच्या आईला, चिमणाबाईंना बोलावत, मग पोलिसांना. आज त्यांच्याच घरातलं गेलं होतं. त्यांची थोरली बहीण आक्का हुपरी गावची. फोटो काढला की आयुष्य घटतं, म्हणून जन्मभर कॅमेऱ्यापुढे बसली नाही. विश्वजितनं वडिलांचा जुना रोलचा कॅमेरा माळ्यावरून काढून नवी हौस मांडली, तेव्हा चिमणाबाईंच्या शब्दाखातर मागच्या रविवारी बसली. गुरुवारी गेली. तेराव्याला हार घालायला तिचा एकही फोटो नव्हता.

शेजारच्या बयाबाईला घेऊन चिमणाबाईंनी चौकशी मांडली. आधी सून.

"खरं सांग, उघडलास?"

अनुजाचे डोळे सुजले होते. "हातसुद्धा लावला न्हाय, आत्या. गुरुवारी हुपरीत लोकांनी फोटो मागितला, तवा ह्यांनी सगळ्यांदेखत माझं नाव घेतलं. मग तुम्ही बी बोललासा."

चिमणाबाईंनी पदर सारखा केला आणि चपला घातल्या.

स्टुडिओवाला पिराजी म्हणाला, "रोल सोमवारीच दिला दादांनी. पुढचं टोक, आम्ही जीभ म्हणतो, ती बाहेरच हुती. धुवायला पुण्याला गेला, शनिवारी आला."

"फोटो काढल्यावर जीभ कुठं असती?"

"गुंडाळला की आत जाती, मावशी."

त्यानं धुतलेल्या फिलमची पट्टी दिली. काचेसारखी कोरी, आरपार दिसणारी. शेजारी दुसऱ्या गिऱ्हाइकाची पट्टी होती, काळीकुट्ट. "ह्यानं भर उन्हात कॅमेरा उघडला," पिराजी हसला.

"म्हंजे अनुजानं बी तसंच केलं की," बयाबाई म्हणाली.

"बये, जरा रंग बघ."

घरी विश्वजित बाहेरच्या सोप्यात कॅमेरा पुसत बसला होता.

"विश्वा, आक्काचे फोटो किती काढलेलास?"

"चाळीस! छत्तीसच्या रोलात. जीभ चक्रीत इंचभरच अडकवायची, फिलम वाया जात न्हाय."

"आणि गेल्याचं कधी कळलं?"

"शनिवारी, धुऊन आल्यावर. आधी कसं कळणार?"

"मग गुरुवारी हुपरीत कसं सांगितलंस?"

विश्वजितचं फडकं थांबलं. दारात अनुजा येऊन उभी राहिली.

"आता ऐक. उजेड लागलेली पट्टी काळी पडते. आपली कोरी हाय. म्हंजे त्यावर काही उमटलंच न्हाय. फिलम वाचवायला गेलास आणि चक्रीतनं जीभ निसटली. फिलम जागची हलली न्हाय, तू नुसता खटका दाबत राहिलास. हलली असती तर छत्तीसात चाळीस मावले असते? सोमवारी रोल काढलास, जीभ बाहेर बघितलीस, तवाच तुला कळलं. व्हय का न्हाय?"

"लाज वाटली, आई."

"चुकायची कसली लाज? सोमवारी आक्का जित्ती हुती रं! मंगळवारी एसटीनं जाऊन तिला परत बसवली असती." त्यांचा आवाज फाटला. "तू तोंड मिटलंस. ती गेल्यावर बायकोला पुढं केलंस, आणि माझ्या तोंडून तिला शिव्या घालायला लावल्यास."

विश्वजित पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागे घेतले.

"तेराव्याला हुपरीत रिकामी फ्रेम मांडायची. हार तू घालायचास. ती रिकामी का, ते भरल्या मांडवात तुझ्या तोंडानं सांगायचं. तोवर तुला ह्या घरात चहा न्हाय. अनुजाच्या हातचा न्हाय, आणि माझ्या बी न्हाय."