चहा न घेता जाणारा माणूस

त्या वर्षांत नगर रस्ता ओलांडणं म्हणजे जिवावरचं काम होतं. खराडीत काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि त्या इमारतींत वेळेवर पोचायची घाई झालेल्या गाड्या म्हाताऱ्या माणसासाठी काही थांबत नसत. श्रावणातली दुपार होती. ऊन पडलेलं, आणि त्याच उन्हातून बारीक सरही येत होती. अपेक्षा गोदाबाईंचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभी होती. एक पाऊल पुढं टाकावं, दोन मागं घ्यावीत...

तेवढ्यात एक मोटारसायकल भर रस्त्यात आडवी उभी राहिली. वरच्या तरुणानं एक हात लांब पसरला. मागं हॉर्नचा नुसता गदारोळ उठला, पण हा आपला शांत.

"या आजी, सावकाश या."

गोदाबाई सावकाशच आल्या. चांगल्या त्याच्यापाशी येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "काय रे, रस्ता वडिलांचा का?"

"नाही, आजी."

"मग गाडी अशी आडवी काय घातलीस? आमचं एक ठीक आहे, आमचं ठरलेलंच आहे. तुझं लग्नबिग्न व्हायचं असेल अजून."

तो नुसता हसला. झालंय म्हणाला नाही, व्हायचंय म्हणाला नाही. त्याची नजर मात्र गोदाबाईंवरून निघून अपेक्षावर आली आणि तिथं जरा जास्तच वेळ थांबली. पावसाचे थेंब त्याच्या भुवयांवर अडकले होते. अपेक्षानं ओढणी सारखी केली, आणि मग आपण ती उगाचच सारखी केली हे तिचं तिलाच कळलं.

वडगाव शेरीत 'ओसरी' नावाचं एक केंद्र होतं. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. आसपासची म्हातारी माणसं दुपारी तिथं जमायची. कॅरम, वर्तमानपत्र, आठवड्यातून एकदा डॉक्टर, आणि रोज गोदाबाईंच्या हातचा आल्याचा चहा. अपेक्षा ते केंद्र चालवायची. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. हल्ली पडवीत बसायला जागा पुरेना, म्हणून संस्थेनं दुसरं केंद्र काढायचं ठरवलं होतं. पण कुठं? लोणी काळभोरला कुणीतरी दिलेली जागा होती. खराडीत एका सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल मिळत होता. दोन्ही एकदम झेपण्यासारखं नव्हतं. जिथं ठरेल तिथं प्रमुख म्हणून अपेक्षा जाणार, एवढंच पक्कं होतं. पुढच्या पाच वर्षांचा आराखडा करून द्यायला एक कंपनी आपला माणूस दर शनिवारी पाठवणार होती.

तो माणूस त्याच दुपारी अर्ध्या तासानं दारात उभा राहिला. निथळत.

"मी शुभंकर... आराखड्यासाठी आलोय."

"आला बघा, रस्त्याचा मालक!" गोदाबाई आतून म्हणाल्या.

शुभंकरनं सगळ्यांना गोल बसवलं. कंपनीत शिकवलेलं सगळं त्याच्या अंगात ताजं होतं. त्यानं विचारलं, "प्रत्येकानं सांगायचं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

वाघोलीचे कोंडीराम ऐंशीच्या पुढचे. त्यांनी हातातला स्ट्रायकर खाली ठेवला आणि म्हणाले, "वैकुंठात."

"वा! केवढी श्रद्धा आहे तुमची," शुभंकर म्हणाला.

सगळी पडवी खो-खो हसायला लागली. अपेक्षा त्याच्या कानाशी वाकली. "अहो, वैकुंठ म्हणजे इथली स्मशानभूमी."

त्याचे कान लाल झाले. वर्ध्याकडचा मुलगा, त्याला पुण्याचं वैकुंठ कुठून माहीत असणार! पण त्यानं केलं काय, तर डोक्याला हात लावला आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. अपेक्षाला ते आवडलं. स्वतःला हसणारा माणूस तिनं त्या काचेच्या इमारतींतून आलेला पहिल्यांदाच पाहिला होता.

पुढच्या शनिवारी त्यानं प्रश्नच बदलून आणला. 'काल दिवसभरात कोणाकोणाशी बोललात?'

हा प्रश्न घेऊन दोघं हिंडले. आधी लोणीला. तिथं पारावर म्हाताऱ्यांची बैठकच भरलेली. एक आजोबा उखडले, "कोणाकोणाशी म्हंजे? समद्या गावाशी! तुमी रिकामे हाय का?" परतताना मोटारसायकलवर मागं बसलेली अपेक्षा हसता हसता थांबेना.

"पडाल," शुभंकर पुढं बघत म्हणाला.

"मग हळू चालवा ना."

"हळूच चालवतोय... केव्हाचा."

खरंच, बाजूनं सायकलवालाही पुढं निघून गेला होता. अपेक्षानं ते पाहिलं आणि पुढचा रस्ताभर ती काही बोलली नाही. बोलली असती तर गाडीचा वेग वाढला असता.

खराडीत मात्र हसू आलं नाही. नोकरीसाठी आलेल्या मुलांनी गावाकडून आणलेले आईबाप उंच मजल्यांवर राहत होते. बीडचे एक आजोबा कितीतरी वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "दूधवाल्याशी बोललो. पण तो घाईत होता." एका आजींनी दोघांना दारातून जाऊच दिलं नाही. काही विचारायचं राहिलंय का, आणखी काही, असं त्याच पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. एकेका सोसायटीत दोघं जात होते. फक्त एका पिवळ्या इमारतीपाशी आलं की शुभंकर म्हणायचा, "ती राहू द्या. तिथलं मला माहीत आहे." तो तिथंच राहायचा, हे एकदा त्याच्या बोलण्यात येऊन गेलं होतं.

आणि आणखी एक कोडं होतं. 'ओसरी'त चहा उकळायला लागला, आल्याचा वास पडवीत आला, की हा उठायचा. "निघतो." कितीही आग्रह करा, घोटभरही घ्यायचा नाही.

गोदाबाई म्हणायच्या, "पुण्यात चहा विचारतच नाहीत म्हणून लोक बोंब मारतात. इथं विचारतोय तर हा पळतो."

"कोणीतरी वाट बघत आसंल," कोंडीराम स्ट्रायकर मारत म्हणायचे. "त्या वयात आम्ही बी पळायचो."

पण कोण असेल? त्याच्यासाठी मांडलेला रिकामा कप उचलून ठेवताना अपेक्षाच्या मनात हटकून तेच यायचं. माणूस दिवसभर आपल्याबरोबर उन्हापावसात हिंडतो, आपल्यासाठी गाडी हळू चालवतो... आणि चहाला मात्र दुसरीकडे जातो?

गणपती झाले. शुभंकरनं आराखड्याचा कच्चा मसुदा आणला. अपेक्षानं उभ्या उभ्या वाचला आणि ती तशीच उभी राहिली. नवं केंद्र लोणी काळभोरला काढावं, असं त्यात लिहिलं होतं.

"हे काय?" ती म्हणाली. "लोणीची माणसं पारावर गावाशी भांडतायत. खराडीची दूधवाल्याची वाट बघतायत. आपण दोघांनी पाहिलंय ना?"

"लोणीत जागा आयती आहे."

"एवढंच कारण?"

त्यानं मान खाली घातली. "तुम्ही तिथंही छान काम कराल."

म्हणजे आपण लोणीला जाणार. नदीपलीकडे, सोलापूर रस्त्याला. शनिवार संपले. आणि पाठवणारा कोण, तर हाच! अपेक्षा पुण्याची मुलगी, तिला रडण्याआधी टोमणा यायचा.

"बरोबर आहे. तुम्हाला काय, तुम्ही चहालासुद्धा थांबत नाही."

तो काहीतरी बोलणार होता. ओठ हलले... आतून आल्याचा वास आला आणि तो उठला. "निघतो." इतका गडबडला होता की छत्री दाराशीच राहिली.

गोदाबाईंनी ती छत्री आणून अपेक्षाच्या हातात दिली. "जा, देऊन ये."

"मी? पुढच्या शनिवारी येईल की तो."

"बायको असेल तर दिसेल. नसेल तर तेही दिसेल. इथं बसून माझा चहा खारट करू नकोस."

पिवळ्या इमारतीच्या जिन्यात, अगदी खालच्या पायरीवर, एक बाई बसल्या होत्या. नऊवारी सुती लुगडं, हातात काही नाही, नजर दाराकडे.

"कोणाले पायते वं पोरी?" त्यांनी लगेच विचारलं. जणू कोणीतरी विचारण्यासारखं येण्याचीच वाट पाहत होत्या.

"शुभंकर... इथंच राहतात ना?"

"माह्याच पोट्टा हाये थो. दूध आणाले गेला." त्या सरकल्या, पायरीवर जागा केली. "बस."

अपेक्षा बसली. "तुम्ही इथं जिन्यात का बसलात?"

"लिफ्टचं भेव वाटते मले. अन् वरतं बसून काय करू? इथं निदान येनाऱ्या-जानाऱ्याचे पाय तरी दिसते." त्या हसल्या, पण हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "गावाले दुपारी पाच बाया ओट्यावर बसो चहाले. एकटीनं पेला म्हंजे चहा नाई, दवाई होते. म्हनून पोट्टा शनवारी धावत येते. बाकीच्या दिवशी मी पेतच नाई."

अपेक्षा छत्रीची मूठ घट्ट धरून बसून राहिली. कितीतरी दिवसांचं कोडं सुटलं होतं आणि सुटल्याचा आनंद व्हायचा सोडून डोळेच भरून येत होते.

"चाल वरतं. तुले चहा करतो," शुभंकरची आई, कुसुमबाई, उठल्या. एक-एक पायरी चढू लागल्या. मधल्या वळणावर थांबल्या, श्वास घेतला. "कोनाची वं तू? कोन लोक तुमी?"

अपेक्षाचा पाय वरच्या पायरीवर तसाच राहिला. हा प्रश्न तिनं लहानपणापासून ऐकला होता, आणि त्यानंतर बदलणारे चेहरेही पाहिले होते. तिनं सरळ बघून सांगितलं, "आम्ही बौद्ध आहोत, आई."

कुसुमबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "मंग? बौद्ध लोक चहा पेत नाई का?" आणि तिचाच हात धरून त्या पुढं चढू लागल्या.

शुभंकर दुधाची पिशवी घेऊन आला तेव्हा घरातल्या उरल्यासुरल्या दुधाचा चहा झाला होता. दोघी जमिनीवर बसून तो पीत होत्या, आणि त्याची आई हसत होती. ती असं हसते हे तो विसरला होता.

"छत्री राहिली होती," अपेक्षा म्हणाली.

"हो..."

"आणि आराखड्यात आई राहिल्यात."

तो भिंतीला टेकून खाली बसला. "खराडी लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, स्वतःच्या आईची सोय लावली. मलाच तसं वाटायला लागलं. खरंच त्या सगळ्यांसाठी म्हणतोय, की घरातल्या एकीसाठी? मग मी लोणी लिहून टाकलं. निदान कोणी बोट तरी दाखवणार नाही."

"आणि मी लोणीला जाणार, ते?"

"तेच तर." त्यानं पिशवीकडे बघत म्हटलं. "खराडी लिहिलं तर आई जवळ, आणि... तुम्हीही रोज जवळ. दोन्ही माझ्याच फायद्याचं. इतका फायदा असलेला माणूस खरं बोलतोय, असं कोण म्हणेल?"

अपेक्षानं कप खाली ठेवला.

"मी म्हणेन," ती म्हणाली. "पण आधी तुम्ही बोला. सगळ्यांसमोर. आईंचंही सांगा."

"अन् दुसरंही?"

"दुसऱ्याचं... ते संस्थेच्या कामकाजात येत नाही."

सभा पडवीतच झाली. अध्यक्ष रामदासकाका पोस्टातून निवृत्त झालेले, कोणाच्याही बोलण्याला टाळी न देणारे. शुभंकर उभा राहिला. लोणीचं सांगितलं, खराडीचं सांगितलं, आणि मग म्हणाला, "माझी आई त्या जिन्यात बसते. हे मी लपवलं, म्हणून चुकीचं गाव लिहिलं. आता तुम्ही ठरवा."

रामदासकाकांनी चष्मा काढून पुसला. "आईसाठी खोटं लिहिणारे पुष्कळ पाहिले. आईला जिन्यात बसवून खोटं लिहिणारा आज पाहिला." पडवी हसली. "खराडी. लोणीच्या जागेत महिन्यातून एकदा डॉक्टर पाठवा, त्यांना माणसं नकोत, औषधं हवीत. कोणाला काही म्हणायचंय?"

"आमची कॅरमवरची भांडनं इथंच राहू द्या म्हंजे झालं," कोंडीराम म्हणाले.

दिवाळीनंतर खराडीचा हॉल उघडला. पहिल्या दुपारी कुसुमबाईंनी चहा मांडला. गोदाबाई मुद्दाम रिक्षानं चव बघायला आल्या, आणि "आलं कमी आहे" म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतला. बीडचे आजोबा आले, ज्या आजींना दार लावायचं जिवावर येत होतं त्याही आल्या. बाहेर अवकाळी सर येऊन गेली होती आणि काचेच्या इमारतींवर ऊन चमकत होतं.

शुभंकर दाराशी घुटमळत होता.

"निघालात?" अपेक्षानं विचारलं.

"नाही. आता जायचं कुठं? चहा इथंच आलाय."

ती त्याच्यासमोर बसली. "मग एक विचारू? तुमचाच प्रश्न आहे. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

तो गोंधळला. दुसऱ्या टोकाला गोदाबाई आणि कुसुमबाई एकदम गप्प झाल्या. कान इकडेच.

"इथंच," तो म्हणाला. "म्हणजे... या वेळेला, या चहाला. आई तिकडे बायांत बसलेली. आणि समोर... समोर जी आत्ता बसलीय, तीच. तिची हरकत नसेल तर."

"बोलला वं माय, एकदाचा!" कुसुमबाई म्हणाल्या.

"गाडी हळू चालवणाराच आहे तो, अपेक्षाकडून ऐकलंय मी," गोदाबाई म्हणाल्या. "आता तिला बोलू द्या."

सगळ्यांचे कप संपले होते, अपेक्षाच्याच हातात तेवढा एक भरलेला होता. तिनं त्यातला अर्धा चहा बशीत ओतला, त्यावर हलकेच फुंकर घातली आणि बशी त्याच्यापुढं सरकवली.

त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली.