बंद खोलीतली केबल

"शेजारचा भाऊसो आमचा सिग्नल चोरतोय, ताई!" विजयमाला दारातूनच म्हणाली. कडेवर तान्ही पोर होती. "हे लष्करात हायेत. उद्या वरच्या चौकीवर चाललेत, तिथं कैक म्हैने फोन न्हाई. आज संध्याकाळी शेवटचा व्हिडिओ कॉल. आन् पोरीचं तोंड अजून धड बघितलं न्हाई ह्यांनी!"

कऱ्हाडच्या खासगी गुप्तहेर राजेश्वरी मोहिते लगेच उठल्या. ताईंनी इंटरनेटमागे धावावं हे त्यांचा मदतनीस सोपान याला मुळीच पटेना. तरी त्याने गाडी उंब्रजला काढली.

भाऊसो भडकला. "एकाच खांबावरनं दोन वायल्या केबली येत्यात, एक माझी, एक त्येंची. माझं नेट बघा की!"

त्याचं नेट सुसाट होतं. सोपानने मनातल्या मनात त्याला घातलेल्या बेड्या काढल्या.

विजयमालाकडे मोडेम नवा कोरा.

"नेट कधीपासून अडकतंय?" राजेश्वरींनी विचारलं.

"बारशापासनं."

स्वयंपाकघरातल्या टीव्हीवरही चित्राचे चौकोन पडत होते.

"वायफाय बिघडला असंल," सोपान म्हणाला.

"हा टीव्ही केबलवर चालतो रे. त्याला वायफाय कशाला?"

वरच्या खोलीच्या दारात सासू बाळाबाई आडव्या उभ्या होत्या. "ही माझ्या लेकाची, वीरधवलची खोली. त्यो येईस्तवर हितं कोन ऱ्हात न्हाई."

आत मात्र टीव्हीवर धुळीचा कण नव्हता आणि नव्या चादरीची घडीही मोडली नव्हती.

"बारशाला येणार होता का तो?"

"रजा मिळाली व्हती. ऐन वक्ताला रद्द झाली." म्हातारीने पदर डोळ्याला लावला.

राजेश्वरी स्टुलावर चढून माळ्यावर डोकावल्या. उतरल्यावर त्यांनी भाऊसोलाही बोलावून घेतलं.

"चोरी झालेलीच नाही. भाऊसोंचं नेट पळतंय, म्हणजे बाहेरची लाईन ठणठणीत. इथे एकाच केबलवरचं नेटही अडकतं आणि टीव्हीही, म्हणजे रोग घरातल्या केबलमध्ये. तो जडला बारशाला. लेक येणार, पाहुणे येणार, म्हणून आईंनी दोन खोल्यांत टीव्ही जोडून घेतले. माळ्यावर आधी एक स्प्लिटर होता, एका केबलच्या दोन करणारी डबी, आता त्याच्यापुढे आणखी दोन. मोडेम आणि स्वयंपाकघरातला टीव्ही सगळ्यांच्या शेवटी."

"पन त्यो टीव्ही मी कवा लावलाच न्हाई!" बाळाबाई म्हणाल्या.

"आई, पाटाचं दारं उघडं ठेवलं आणि त्या वावरात पीक नसलं, तर पाणी जायचं थांबतं का? प्रत्येक स्प्लिटर सिग्नलचे वाटे करतो, टीव्ही बंद असला तरी. मग शेवटच्या सरीला काय उरणार?"

ऊसवाल्या भाऊसोने कपाळावर हात मारला. सोपानच्या अंगावर काटा आला. ताईंनी मोडेमला बोटसुद्धा लावलं नव्हतं!

"म्हंजे लेकाच्या डोळ्यांवर मीच पडदा वढला व्हय?" बाळाबाई पुटपुटल्या. सोपान पुढे झाला, तर त्यांनी त्याला थांबवलं. "मीच काढती."

त्याने स्टूल घट्ट धरलं. बाळाबाईंनी दोन्ही नवे स्प्लिटर काढले. मोडेमची आणि स्वयंपाकघरातल्या टीव्हीची केबल राजेश्वरींनी पहिल्या स्प्लिटरवर चढवली.

संध्याकाळी फोन वाजला आणि एवढ्याशा पडद्यावर वीरधवल लख्ख उमटला, मिशीच्या केसान् केसासकट. शेकडो कोसांवरचा माणूस त्या करंगळीएवढ्या तारेतून घरात आला होता. सोपान हात जोडून बघत राहिला.

वीरधवल लेकीकडे टक लावून बघत होता.

"आई, हिच्या हनुवटीवर तीळ हाय? तुझ्यावानी?"

बाळाबाईंचा हात आपल्या हनुवटीवर गेला.

"व्हय रं, लेकरा. दिसला का तुला?"