एकोणिसावा खिळा

द्वारकाबाईंनी सत्तर वर्षांत कुणापुढे मान वाकवली नव्हती. त्या रविवारी ती गळ्यात पास अडकवून घेण्यासाठी वाकवावी लागली, आणि तेवढ्यावरून त्या हॉलच्या दारातच भांडल्या.

“गाय हाय काय मी, गळ्यात घंटा बांधतेस ती?”

टेबलामागची मुलगी, क्षितिजा, हसली. “आजी, सगळ्यांनाच आहे. जाताना इथं परत लावायचा.” तिनं मागच्या भिंतीकडं बोट केलं. पांढरा रंग दिलेली मोठी फळी, तिच्यावर ओळीनं खिळे, प्रत्येक खिळ्याखाली आकडा. “बोर्ड भरला की मगच शटर बंद. मागच्या वर्षी एक जण टेबलाखाली लपून राहिला होता ना, तेव्हापासून.”

द्वारकाबाई त्या फळीकडं पाहतच राहिल्या. मग नातीला म्हणाल्या, “ही आमची पद्धत हाय, मिठागरावरची. चोरली मेल्यांनी.”

“आजी, चल ना आत,” कृतिका म्हणाली.

नाणी आणि नोटा जमवणाऱ्यांचा मेळावा होता. तीन दिवसांचा, आज शेवटचा दिवस. हॉल भाईंदरला, नवघरच्या पुढं, मिठागरं बुजवलेल्या भरणीच्या जागेवर उभा. आता तिथं गुळगुळीत फरशी आणि थंडगार हवा असली तरी द्वारकाबाईंना ती जागा पायांनी ओळखू येत होती. त्यांच्या सासऱ्यांचं मीठ इथंच कुठंतरी पिकायचं. खाडीचं पाणी आत घ्यायची लाकडी झडप, उघाडी, तीही इथंच कुठंतरी.

“माझ्याच शेतात मला पास,” त्या पुटपुटल्या.

आत लाल मखमल टाकलेली शंभरेक टेबलं. राणीच्या छापाचे रुपये, वसईकडं सापडलेली फिरंगी नाणी, छपाईत चुकलेल्या नोटा प्लास्टिकच्या पाकिटांत. डोळ्याला भिंग लावून माणसं अशी वाकलेली, जसा वैद्य नाडी बघतो. एका टेबलावर द्वारकाबाईंनी कनवटीचा पितळी बिल्ला काढून दाखवला. रुपयाएवढा, गोल, वर भोक, मध्ये चांदकोर आणि खाली एकचा आकडा. झगझगीत.

टेबलवाल्यानं कपाळाला हात लावला. “आजी, हा घासला कुणी?”

“मी. दर दिवाळीला. चिंच लावून.”

“अहो, जुनेपण गेलं त्याचं! घासलेल्याला कुणी विचारत नाही.”

“घासल्याशिवाय भांडं न्हाय नि आंघोळीशिवाय मानूस न्हाय. तुमचं तुम्ही बघा.”

त्यांनी बिल्ला परत खोचला. विकायला त्या आल्याच नव्हत्या.

मिठागरावर असे चोवीस बिल्ले होते. पहिला मालकिणीचा, बाकीचे कामावर येणाऱ्या बायामाणसांचे. सकाळी ज्यानं त्यानं आपला बिल्ला फळीवरून काढायचा, कमरेला बांधायचा. संध्याकाळी परत खिळ्याला लावायचा. ज्याचा त्यानंच, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मालकिणीचा सगळ्यांत शेवटी. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून आत आहे, आणि माणूस आत असताना उघाडी उघडायची नाही. द्वारकाबाई दुसरीत शाळेतून निघाल्या होत्या. चोवीसपर्यंतचे आकडे त्या फळीनं शिकवले, पुढचे कधी लागलेच नाहीत.

फळी अजून घरी होती, देवघराच्या बाजूला. कनवटीचा धरून तेवीस बिल्ले. एकोणिसावा खिळा पन्नासहून जास्त वर्षं रिकामा.

तो हौशीचा. बावीस वर्षांची, हसरी, कामाला वाघीण. एके दिवशी संध्याकाळी ती नाहीशी झाली. ट्रकवाल्याबरोबर पळाली, असं गावात झालं. पहिल्यांदा ते बोललं कोण, हे आता कुणाला आठवत नव्हतं. द्वारकाबाईंना आठवत होतं.

आठ दिवसांपूर्वी कृतिकानं मोबाइलवर मेळाव्याची जाहिरात दाखवली होती. मधोमध एका पितळी बिल्ल्याचा फोटो. चांदकोर. एकोणीस.

“बघ!” द्वारकाबाई ओरडल्याच होत्या. “पळाली म्हनून सांगत होते ना मी? कुठंतरी संसार केलान, म्हातारी झाली, आनि आता बिल्ला इकलान. मला नेतेस तिथं. इकनाऱ्याला इचारायचं हाय, कोनी दिला.”

ते एवढंच विचारायला त्या आल्या होत्या. कुणीतरी म्हणायला हवं होतं, एका म्हातारीनं दिला.

टेबल सापडलं ते अगदी मागच्या कोपऱ्यात. वर एसीतून पाणी ठिबकत असावं, फरशी ओली होती. टेबलाचे मालक हसमुखभाई, भाईंदरचेच, पांढऱ्या मिशांचे. बिल्ला वेगळा ठेवलेला, खाली चार पदरी टिश्यू. टिश्यू भिजलेला.

“हा ओला का?” कृतिकानं विचारलं.

“बेटा, रोज सकाळी पुसतो. दुपारपर्यंत परत असाच.” हसमुखभाईंनी बोटाच्या टोकानं बिल्ला सरकवला. हिरवट, काळपट. कडेला पांढरा खार साचलेला.

द्वारकाबाईंनी तो खार बोटावर घेतला, जिभेला लावला.

“कोनी दिला तुम्हाला?”

“एक बाई आली होती. पहिल्या दिवशी, उद्घाटनाच्या आधीच. पैसे नको बोलली. बोली, मालकीण आयेगी, उसको ही देना. मी विचारलं मालकीण कोण, तर बोली, हजेरी घेते ती.”

“पण जाहिरातीत तर आठ दिवसांपूर्वीच फोटो होता,” कृतिका म्हणाली.

हसमुखभाई गोंधळले. “मैंने तो कोई फोटो नहीं दिया.”

द्वारकाबाईंनी टेबलाची कड धरली. “बाई म्हातारी होती ना? माझ्याएवढी?”

“ना ना. जवान. बाईस-पच्चीस.”

“नीट बघा आठवून. भिंगं लावून डोळे गेले असतील तुमचे.”

“माजी, चाळीस वर्षं या डोळ्यांवर खातो मी. जवान होती. खूब हसतमुख. साडी घुटने तक गीली. मला वाटलं, बाहेर पाइप फुटला असेल.”

“नात असेल तिची,” द्वारकाबाई मोठ्यानं म्हणाल्या. शेजारच्या टेबलांवरची माणसं वळली. “नातच. तोंडावळा उतरतो. आमची ही नाय काय, माझंच नाक घेऊन आली.”

“असेल,” कृतिका म्हणाली. “काका, ती कुठं राहते काही बोलली का? गेली कुठं?”

हसमुखभाईंनी बिल्ला टिश्यूवरून उचलून द्वारकाबाईंच्या हातात ठेवला. हात झटकले, रुमालाला पुसले.

“गयी किधर? आत्ताच त्या साइडला दिसली. तीन दिवस इथंच फिरते.”

द्वारकाबाईंनी सगळा हॉल पालथा घातला. गुडघे दुखत होते, पण थांबल्या नाहीत. प्रत्येक बाईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन पाहिलं. एका बाईनं “क्या है?” म्हणून विचारलं, तिला “तुझं काय काम न्हाय” असं उत्तर मिळालं. हौशीसारखं कुणी नव्हतं. फक्त दोनदा, टेबलांच्या मधल्या वाटेवर, फरशीवर पाणी दिसलं. थेंब थेंब, माणसाच्या पावलाच्या अंतरानं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ते वाळलं होतं आणि जागेवर पांढरे ठिपके राहिले होते.

मुठीतला बिल्ला गार होता. अंगाची ऊब त्याला लागतच नव्हती.

सातला घंटा झाली. टेबलं आवरली गेली, पेट्या बंद झाल्या. माणसं एकेक करून बाहेर पडताना पास खिळ्याला लावत होती. कृतिकानंही लावला. हसमुखभाईंनी लावला, द्वारकाबाईंकडं न बघता नमस्कार केला आणि निघून गेले.

फळी भरली. दोनच खिळे रिकामे राहिले. एक द्वारकाबाईंचा, तो बराच खाली. दुसरा पहिल्याच ओळीतला. त्यांनी बोटानं डावीकडून मोजलं. गरज नव्हती, तरी मोजलं.

बाहेरून आयोजकाचा आवाज आला. “क्षितिजा, सगळे आले का?”

द्वारकाबाई आवाजाच्या दिशेनं वळल्या. तेच शब्द. सासूनं बांधावरून विचारले होते, उधाण चढत होतं, अंधारून येत होतं.

क्षितिजानं फळीवर नजर टाकली. “एकोणीस नंबर तीन दिवस तसाच आहे, आजी. कुणीतरी घरी नेलाय बहुतेक, आत बघूनच शटर पाडतो रोज. तुमचा तेवढा द्या.” आणि बाहेर ओरडली, “हो सर, आले सग—”

“गप!”

क्षितिजा दचकली. कृतिकानं आजीचा हात धरला.

“खोटं बोलू नको, पोरी,” द्वारकाबाई म्हणाल्या. “खिळा दिसतोय ना रिकामा? मग आले सगळे कसे?”

“आजी, आत कुणी नाहीये. मी स्वतः राउंड मारून आले.”

“मी तर राउंडपन मारला नव्हता.” त्यांचा आवाज खाली आला, पण मान ताठ होती. “अठरा वर्षांची होते मी. सासूनं हजेरी माझ्यावर टाकलेली. एकोनीस नंबर रिकामा दिसला मला. मला वाटलं, ही नेहमीची, बिल्ला कमरेला तसाच घेऊन पल्याडच्या बांधानं घरी जानारी. सासू ओरडत होती. मी बोलले, आले सगळे. तवा उघाडी उघडली. ती खालच्या चरात गाळ काढत होती.”

“आजी...” कृतिका म्हणाली. “तू तर म्हणायचीस, पळाली.”

“मीच उठवलं ते.”

मग त्यांनी दारातली प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बरोब्बर शटरच्या खाली मांडली. बसल्या. दोन्ही हात मांडीवर, एक मूठ मिटलेली.

आयोजक आत आला. हॉलचं भाडं, वॉचमन, नियम, सगळं सांगून झालं. “माताजी, उठिए प्लीज.”

“मालकिनीचा पास सगळ्यांत शेवटी लागतो. ती येईपर्यंत माझा लागनार न्हाय. शटर पाडायचं तर माझ्या डोक्यावर पाडा.”

आयोजक फोन लावत बाहेर गेला. मागच्या बाजूनं कुणीतरी दिवे बंद करत येत होतं. एक रांग, दुसरी रांग. हॉलचा मागचा कोपरा काळा झाला. मग मधला भाग.

एसी बंद पडला.

तेव्हा ऐकू आलं. पाणी. ठिबकण्याचं नव्हे, चढण्याचं. चरातून चढताना करतं तसं.

गाळाचा वास आला. क्षितिजानं नाकाला ओढणी लावली. “ड्रेनेज का?” तिनं विचारलं.

“हौशी!” द्वारकाबाईंनी हाक मारली. मिठागराच्या या टोकावरून त्या टोकाला मारतात तशी. “ये गो भायेर! दार उघडं हाय!”

पाणी चढतच राहिलं.

“रागावलीस? राग. हक्क हाय तुझा. मला काय बोलायचं ते बोल, पन भायेर येऊन बोल. मी उठनार न्हाय हितनं.”

पाण्याचा आवाज थांबला.

अंधारात पाऊल वाजलं. ओलं, अनवाणी. मग दुसरं.

कृतिकानं डोळे मिटले. द्वारकाबाईंनी मिटले नाहीत.

त्या फक्त खुर्चीत थोड्या बाजूला सरकल्या. अरुंद बांधावर समोरून कुणी आलं की वाट देतात, तशा.

गार झुळूक गेली. त्यांच्या पदराची कड भिजली.

खिळ्यावर काहीतरी टक् करून वाजलं.

क्षितिजा वळली. एकोणिसाव्या खिळ्यावर पास हलत होता. त्याच्या फितीतून पाणी गळत होतं.

द्वारकाबाई उठल्या. गळ्यातला पास काढला, आपल्या खिळ्याला लावला. सगळी फळी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली.

“आता आले सगळे,” त्या म्हणाल्या. “पाडा तुमचं शटर.”

रस्त्यावर शेअर रिक्षांची रांग होती. पहिल्या रिक्षात कुणी नव्हतं. द्वारकाबाई एरवी सरळ मध्ये बसायच्या, ऐसपैस. आज एका कडेला टेकल्या. कृतिका दुसऱ्या बाजूनं चढली, आजीकडं सरकायला लागली.

“तिथं नको,” द्वारकाबाई म्हणाल्या. “कडेलाच बस.”

तिसरी सीट भरल्याशिवाय ही रिक्षा हलत नाही, हे भाईंदरमध्ये शाळेतल्या पोरालाही माहीत. कृतिका तिसऱ्या माणसाची वाट बघत बाहेर पाहत होती. ड्रायव्हरनं एकदा मागं पाहिलं आणि रिक्षा सुरू केली.

“चलो, तीन हो गये.”

कृतिकानं मधल्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. नाका आला. मग ती हळूच म्हणाली, “आजी, तो बिल्ला?”

द्वारकाबाईंनी मूठ उघडून दाखवली. तळहातावर चिमूटभर जाडं मीठ होतं.

“घरच्या फळीवर ज्याचा त्यानंच लावायचा असतो,” त्या म्हणाल्या.

घर जवळ आलं तशी कृतिका ओढणी आवरायला लागली. टोक सीटच्या मध्यावर गेलं होतं. तिनं ओढलं, येईना. पुन्हा ओढलं. कशाखाली तरी दाबलं गेलं होतं, आणि तिथं तर काहीच नव्हतं.

“आजी,” ती कुजबुजली. “माझी ओढणी अडकलीय.”

द्वारकाबाई समोर रस्त्याकडंच बघत होत्या. मान न वळवता, घरातल्या माणसाला सांगावं तसं त्या मधल्या जागेला म्हणाल्या,

“जरा उठ गो. पोरीची ओढनी सोड.”

ओढणी सुटली.