पाव फेरा

माझा पाय जमिनीच्या फळीतून आरपार गेला आणि खालून कुणीतरी तो धरला.

“हलू नका. खिळा आहे.”

“कोण... कोण आहे खाली?”

“मिस्त्री. तुमच्या बाबांनी तुळई बघायला बोलावलंय.”

“मला नाही सांगितलं कुणी.”

“वरून पाय येणार आहे, हे मलाही नव्हतं सांगितलं.”

आधी पाय, मग चेहरा – अशी आमची ओळख.

*गोटी : चार सेकंद*

त्याने दाराशी गोटी ठेवली. ती चार सेकंदांत खिडकीखाली पोचली.

“मधली तुळई कुजलीय. खोली तिकडे खचलीय.”

“मग उचला.”

“घाई केली तर भिंती तडकतील. जॅक रोज फक्त पाव फेरा फिरवायचा. जमीन सपाट झाली की नवी तुळई बसवायची.”

“आणि तोवर?”

“तोवर... रोज येणार.” हे त्याने गोटीकडे बघत सांगितलं.

*गोटी : सात*

जमिनीखाली गुडघ्यांवर बसायचं. तो दांडा फिरवायचा, लाकूड कुरकुरायचं. मी टॉर्च धरायचे.

“उजेड जॅकवर हवा.”

“जॅकवरच आहे.”

“माझ्या कानावर आहे.”

कान लाल होता. उजेडामुळे नसावा.

मी कपडे शिवते, खडू कायम खिशात. तुळई जिथवर उचलली जाईल तिथे शेजारच्या खांबावर रोज एक रेघ मारायची, ही माझी जित्याची खोड.

बाबा म्हणाले, “खाली जाताना केस कशाला विंचरतेस? अंधार असतो ना?”

“जाळी लागतात केसांना.”

“विंचरले की लागत नाहीत वाटतं.”

*गोटी : आज नाही*

तो आला नाही. ताप, असा निरोप आला. मी एका झग्याला दोन्ही बाह्या उलट्या लावल्या.

*गोटी : अकरा. परवा साडेदहा होती*

त्याचा फोन सारखा वाजत होता. पलीकडच्या कुणाचं तरी काम खोळंबलं होतं. “येतो, येतो, इथलं अजून आठवडाभर आहे,” तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता दांडा धरला.

फिरवला. थांबला. मी खडू टेकवला... आणि टॉर्च मागच्या रेघांवर नेला.

“मिस्त्री, आधीच्या नऊ रेघा सारख्या अंतरावर आहेत. तापानंतरच्या निम्म्या.”

त्याने दांड्यावरची धूळ पुसली.

“हळू उचललेलं लाकडाला बरं असतं,” तो म्हणाला.

“लाकडाला?”

वर बाबांची खुर्ची सरकली. मग तीही थांबली.

“जमीन सपाट झाली,” तो अगदी हळू म्हणाला, “की मला यायला कारण उरत नाही.”

मी टॉर्च खाली ठेवला. इतके दिवस मला तीच भीती होती, आणि मी ती एकटीच वाहतेय असं वाटत होतं.

“सरका,” मी म्हणाले. “आज आणखी किती चालेल?”

“पाव पूर्ण करायला निम्मा राहिलाय.”

मी दांडा धरला. जड होता. त्याने माझ्या हातांवर हात ठेवले आणि आम्ही तो सावकाश फिरवला.

पुढचे पाव फेरे पूर्ण झाले, रोज, दोघांच्या हातांनी.

*गोटी :*

बाबांनी दाराशी ठेवली. खाली आम्ही कान देऊन ऐकत होतो. घरंगळल्याचा आवाज आला नाही.

“थांबली गं,” वरून बाबा म्हणाले.

त्याने कपाळ पुसलं. “दोन दिवसांत नवी तुळई बसेल.”

“मग तिसऱ्या दिवशी या.”

“कशाला?”

“कारण नसताना.”